वडशिंगीचा थांबा

"मॅडम, एक खरं सांगा," सोनटक्के साहेब म्हणाले, "इथं माणसं भूक लागते म्हणून जेवतात, की गाडी उभी आहे म्हणून?"

मी वडशिंगीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून ओरडून सांगायचं, गाडी उशिरा आली की तिच्या वाटच्या शिव्या आपण खायच्या आणि मधल्या वेळात जागेवरून होणारी भांडणं मिटवायची, हे माझं काम. इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

माझ्याआधी उत्तर दिलं कांताबाईनं. स्टँडवरचं कॅन्टीन तिचं.

"भूकच लागती की, सायेब! पुण्यापासनं हादरत आलेला माणूस. वास आला की आपसूक उतरतंय."

"इलेक्ट्रिक गाडी हादरत नाही हो," सोनटक्के हसले.

ते विभागाच्या कार्यालयातून आलेले विद्युत शाखेचे इंजिनियर. तरुण, चष्मेवाले, उन्हात टोपी घालून चार्जरभोवती दोनदा फिरून आलेले. आमच्याकडे पुणे-लातूर इलेक्ट्रिक गाडी सुरू झाली होती. पुण्यात तिला पोटभर चार्ज व्हायला सवड मिळायची नाही, म्हणून येताना ती दुपारी वडशिंगीला थांबायची. स्टँडच्या मागच्या बाजूला करंजाच्या झाडाखाली तिचा चार्जर बसवला होता. तो साठ किलोवॅटचा. त्याची नळी गाडीला लावली की सव्वा तास गाडी जागची हलायची नाही.

"आता या मार्गावर आणखी दोन गाड्या येणार आहेत," सोनटक्के मला समजावून सांगू लागले. "माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. एक तर याच्या शेजारी असाच दुसरा बसवायचा. नाहीतर थेट दोनशे चाळीसचा. त्याच्यावर गाडी वीस मिनिटांत मोकळी होते."

"मग त्यात विचारायचं काय?"

"विचारावं लागतं. मोठ्याला वेगळी डीपी लागते, जाड केबल लागते. आणि गाडी जर जेवणासाठी तास-सव्वा तास थांबणारच असेल, तर वीस मिनिटांत भरून ती पुढं नुसतीच उभी राहणार. रात्री मुक्कामाला असलेल्या गाडीला लहानसाच चार्जर पुरतो, कारण तिला कुठं जायचंच नसतं. चार्जर केवढा बसवायचा हे नुसत्या गाडीवरून ठरत नाही, मॅडम. थांब्यावरून ठरतं. म्हणून तुम्हाला विचारतोय. तुम्ही रोज बघता. आज गाडी येऊन जाईपर्यंत मी इथंच आहे, तोवर विचार करून सांगा."

"लहानच बसवा," कांताबाई म्हणाली. "एकाला दोन करा पायजे तर. काय वो छायाताई?"

आणि माझ्याकडे बघून ती अशी हसली की मला पदर सारखा करायचं निमित्त काढावं लागलं.

कांताबाईच्या हसण्याचं कारण सांगायला हवं. त्या गाडीचे ड्रायव्हर होते माणिक दुधभाते. लातूरचे. गाडी कंत्राटी, तेही कंपनीचे माणूस, आमच्या खात्याचे नव्हेत. एक दिवस ते लातूरहून पुण्याला जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. म्हणजे दिवसाआड दुपारी ते वडशिंगीत असायचे. चार्जरची नळी लावायचे, कांताबाईचं ताट घ्यायचे आणि करंजाखालच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. मीही तिथं जायचे. सुरुवातीला चार्जरभोवती पोरं खेळतात का बघायला, मग गाडी किती वाजता निघणार विचारायला, मग कशालाच नाही. कांताबाई एकदा म्हणालीसुद्धा, "ताई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" मी तिच्यावर खेकसले. पण पुढच्या खेपेपासून भांडं लपवायचं सोडून दिलं.

माझे मिस्टर एस.टी.त कंडक्टर होते. ते गेल्यावर अनुकंपावर मला नोकरी लागली. पदरात मुलगी, घरी सासू. स्टँडवर नोकरी करणाऱ्या विधवा बाईनं कसं राहायचं याचे नियम कुणी सांगत नाही, पण मोडले की सगळे सांगतात. मी सगळ्यांशी तुटक बोलायचे आणि सगळे मला ताई म्हणायचे. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, पास काढायला आलेले म्हातारेही. ताई म्हटलं की बोलणाऱ्यालाही बरं पडतं आणि ऐकणारीलाही. दुधभाते मात्र मला कधी ताई म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाले, पुढं छायाबाई. बास, एवढंच. पण माझ्या ते ध्यानात आलं होतं.

बोलायचो काय, तर काहीही. पुण्यातले सिग्नल. मुलीची बारावी. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसल्यामुळं रस्त्यातली कुत्री बावचळतात, ते. दुधभाते हळू बोलायचे, मध्येच थांबायचे, थांबले तरी अवघड वाटायचं नाही. माझ्या आयुष्यात मला 'बसा जरा' म्हणणारं माणूस तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. घरी गेलं की सासूचं औषध, मुलीचा डबा, पाणी. तो दिवसाआडचा सव्वा तास माझा होता. दिवसाआड मी साडी जरा बघून नेसायचे.

आणि आता एक चष्मेवाला इंजिनियर मला विचारत होता की तो वेळ ठेवू का काढू.

मी मनात ठरवूनच टाकलं होतं. लहान. माणसं जेवायला थांबतात, साहेब, लहानच बसवा. इतकं सोपं.

दुपारी गाडी आली. दुधभातेंनी नळी लावली, चार्जरचा पंखा घरघरायला लागला. सोनटक्के साहेब दाराशी उभं राहून उतरणाऱ्यांकडे बघत होते. थोडेफार लोक कॅन्टीनकडे गेले. बाकीचे सावली बघून उभे राहिले, काही गाडीतच बसून राहिले. जरा वेळानं नेहमीसारखं सुरू झालं. "ओ मॅडम, अजून किती वेळ?" कडेवर लेकरू घेतलेली एक बाई तर दोनदा येऊन विचारून गेली. हे रोजचंच होतं. मी दर खेपेला "होईल आता" म्हणायचे आणि करंजाकडे जायचे. त्या दिवशीही गेले.

दुधभाते ताट मांडीवर घेऊन हसत होते.

"काय झालं एवढं हसायला?"

"परवाची गंमत सांगतो. आईनं मला घरात घेतलं न्हाई."

त्यांच्या आईला विसरायचा आजार होता, हे मला माहीत होतं. घरात ती आणि हे, दोघंच. बायको फार पूर्वी सोडून गेलेली, तिनं दुसरीकडं संसार मांडलेला. हे नसले की शेजारची शांतामावशी बघायची.

"परवा पोचलो घरी. अंधार पडलेला. दार वाजवलं तर आतनं म्हणती, कोण हाय? म्हणलं, माणिक. तर म्हणती, माणिक ड्युटीवर हाय, तू कोण मेल्या? आन सुरूच केलं, चोर आला वो, चोर आला! गल्ली गोळा झाली. शांतामावशीनं समजावलं, तर काठी घेऊन दारात उभारली. मग काय, ओट्यावर बसून ऱ्हायलो. निजली तवा आत गेलो."

"आणि जेवण?"

"तिथं कुठलं जेवण!" ते पुन्हा हसले. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "उजेड असला की वळखती बगा. चांगली वळखती. पाय धुवाय पाणी देती, जेवलास का इचारती. दिवेलागण झाली की संपलं. डॉक्टर म्हणले, ह्या आजारात संध्याकाळी असंच होतं. मी पोचतोय दिवेलागणीनंतर, निघतोय उजाडायच्या आत. दिवसाआड घरी जायचं, आन जातोय तर तिला चोर."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी वळखती की. दिवसभर मागंमागं फिरती." त्यांनी तुकडा ताटात तसाच ठेवला. "महिन्यातनं चार दिवस हाय मला आई."

हे सांगताना त्यांनी चार्जरकडे पाहिलंसुद्धा नाही. शपथेवर सांगते, त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं. माझ्या मनात आलं. सव्वा तासातून वीस मिनिटं वजा केली की तासभर उरतो. तासभर आधी गाडी सुटली, तर हा माणूस उजेडात घरी पोचतो. माझ्यासमोर कट्ट्यावर बसून जो वेळ मी माझा म्हणत होते, तो लातूरच्या एका म्हातारीचा होता.

मला राग आला. म्हातारीचा, त्यांचा, सोनटक्क्यांचा, सगळ्यांचा. एवढीशी तर गोष्ट मागितली होती, तीही कुणाकडे तोंड उघडून मागितली नव्हती.

"तुम्ही जेवा," मी म्हणाले आणि उठले.

सोनटक्के साहेब कॅन्टीनच्या बाकावर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मोठा बसवा."

"नक्की?"

"माणसं जेवायला थांबत नाहीत साहेब. गाडी उभी आहे म्हणून जेवतात. त्यांना घरी जायचं असतं."

गल्ल्यावर बसलेल्या कांताबाईचा हात थांबला. माझ्याकडे ती अशी बघत राहिली की जणू मी तिच्या चुलीत पाणी ओतलं.

"मलाही तेच दिसतंय," सोनटक्के म्हणाले. "तरी ड्रायव्हरला एकदा विचारतो. ओ दुधभाते, जरा इकडं या."

दुधभाते ताट ठेवायला येतच होते. सोनटक्क्यांनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. लहान, मोठा, सव्वा तास, वीस मिनिटं. ते ऐकताना दुधभातेंचा चेहरा हळूहळू उतरला. मी काय सांगितलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सोनटक्क्यांनीही सांगितलं नाही.

"लहानच असू द्या, सायेब."

"का हो? तुम्ही लवकर सुटाल."

"मोठ्यानं बॅटरी तापती म्हणत्यात."

"ही नाही तापत. हिची क्षमता आहे तेवढी."

"परवाशांची जेवणं..."

"प्रवाशांचं मी बघितलं आज. तुमचं काय म्हणणं आहे?"

 हातातलं ताट दुधभातेंनी कांताबाईच्या टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. कॅन्टीनमध्ये पाच-सहा प्रवासी होते, एक हमाल होता, कांताबाई होती. सगळ्यांदेखत हा हळू बोलणारा माणूस म्हणाला,

"मला हितं बरं वाटतंय, सायेब. दोन दिवसांतनं तेवढं एकदाच बरं वाटतंय."

 कांताबाई, बोलायची बंद झाली तर डॉक्टर बोलवावा अशी बाई, गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागली.  वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तेलकट बाकाच्या शेजारी उभं राहून ऐकलं मी ते. त्याआधीही कुणी म्हटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

सोनटक्के वयानं लहान होते, पण खुळे नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू मला म्हणाले, "मॅडम, अजून काही कळवलेलं नाही मी. असाच दुसरा बसवला तरी काम भागतं. तुम्ही म्हणाल तसं."

दुधभाते माझ्याकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं.

"मोठाच," मी म्हणाले.

ते वळले आणि गाडीकडे गेले.

मी मागोमाग गेले. लोकांनी बघितलं तर बघितलं. ते कट्ट्यापाशी उभे होते, चार्जरच्या आकड्यांकडे बघत.

"रागावलात?"

"न्हाई. तुम्हाला तरास होत आसंल माझा, तर तसं म्हणायचं."

"दुधभाते, गाडी तासभर आधी सुटली तर लातूरला कधी पोचाल?"

"आं?"

"घरी. अंधार पडायच्या आत पोचाल ना?"

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग कळलं. कट्ट्यावर खाली बसले ते.

"माझ्या ध्यानातच न्हाई आलं," म्हणाले. "मी हितलाच इचार करत ऱ्हायलो."

"माझ्या आलं."

"आन तुमचं काय?"

"माझं काय! मला काय कमी गाड्या आहेत?"

दोघंही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग ते म्हणाले, "छायाबाई, दिवसातनं धा येळा माईकवर ओरडता. अमक्या गाडीचा हितं थांबा हाय, तमक्या गाडीचा न्हाई. मला एकदा म्हणला असता, थांबा, तर मी ऱ्हायलो असतो बगा."

मला ते माहीत होतं. म्हणून तर म्हटलं नाही. आत कॅन्टीनमध्ये ते बोलत असताना तोच शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

"आई वाट बघत असेल," मी म्हणाले. "निघा."

थंडी पडायच्या आत मोठा चार्जर बसला. दुकानाच्या शटरएवढं उंच यंत्र, दोन जाड नळ्या, शेजारी नवी डीपी. कांताबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग वीस मिनिटांत खाऊन होईल असे पोहे आणि भजी तिनं सुरू केली आणि आधीपेक्षा जास्त खपायला लागल्यावर बोलायला लागली.

दुधभाते आता कट्ट्यावर येऊन बसायचे नाहीत. वीस मिनिटांत नळी लावायची, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा की झालं. मी गाडीपाशी त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहायचे. दुधाची तहान ताकावर, पण ताकही कुणाच्या नशिबात असतं!

पहिल्या आठवड्यातच ते खिडकीतून वाकून म्हणाले, "वळखलं आईनं. उजेडात पोचलो. म्हणली, आज लौकर कसा रे? कुणी सोडलं तुला? म्हणलं, वडशिंगीला छायाबाई हायत, त्यांनी सोडलं."

"मग?"

"मग काय, म्हणली, चांगली बाई दिसती."

त्यानंतर एकदा असंच खिडकीतून, माझ्याकडे न बघता: "आई तुमचं नाव धरून बसलीय. माझं इसरती, भणीचं इसरती, तुमचं न्हाई इसरत. रोज सांज झाली की इचारती, छाया आली न्हाई व्हय अजून? तिला वाटतंय, तुम्ही... घरातल्याच हाव."

"मग तुम्ही काय सांगता?"

"येतीया म्हणतो. गाडीत हाय म्हणतो. मग निजती."

मी माईककडे गेले आणि गाडी सुटत असल्याचं जाहीर केलं. आवाज नीट लागला नाही, लोकांना वाटलं माईक बिघडला.

"एकदा येऊन जावा," पुढं कधीतरी ते म्हणाले. "तिला कळायचं न्हाई फार. पर बरं वाटंल."

जायचं मनात होतं. खरंच होतं. आधी मुलीची परीक्षा होती, मग सासू पडली, तिच्यात वर्ष गेलं, मग दिवाळीची गर्दी. दिवाळी झाली की जाऊ असं मी ठरवलं होतं, साडीसुद्धा काढून ठेवली होती. दिवाळीच्या गर्दीतच दुधभातेंच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला आणि त्यानं सांगितलं, दुधभातेची आई गेली.

दिवस झाल्यावर ते आले. ड्युटीवर नव्हते, प्रवासी म्हणून पुण्याला निघाले होते. कंपनीनं त्यांची बदली नागपूरच्या बाजूला केली होती, आणि पुण्याच्या कार्यालयात कागद द्यायला चालले होते. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. लातूरहून पुण्याकडे जाणारी ती साधी गाडी, तिला आमच्याकडे पाच मिनिटंच. ते उतरून माझ्या खिडकीशी आले.

"त्रास झाला का त्यांना?" मी विचारलं.

"न्हाई. निजंतच गेली. जाताना उजेड होता." मग म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं होतं. तुम्ही येणार म्हणून रोज रातच्याला एक भाकरी झाकून ठेवायला लावायची मला, मी नसलो की शांतामावशीला. म्हणायची, लांबनं येतीया पोर, उपाशी निजायची न्हाई. दोन वर्सं. रोज."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि सकाळी त्या भाकरीचं काय करायचात?"

"मीच खायचो, चहात कुस्करून. तुमच्या वाटची म्हणून."

कंडक्टरनं घंटी मारली. दुधभाते जागचे हलले नाहीत. मी माईक हातात घेतला, तोंडाशी धरला आणि तो शब्द काही केल्या येईना म्हणून नुसतीच उभी राहिले. ते वाट बघत होते, मला दिसत होतं. घंटी पुन्हा वाजली.

ते गेले. पुढं नागपूरहून एकदा फोन आला होता, मुलीच्या लग्नाला पत्रिका पाठवली तेव्हा. त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी सासरी, सासू गेली, मीही निवृत्त झाले. कुणी विचारलं तर सांगते, एकटीच असते, बरं चाललंय. पण दिवेलागण झाली की अजून जिवाला हुरहूर लागते. कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं, कुणीतरी जेवायचं थांबलं होतं, आणि मी गाडीत बसलेच नाही.